जुनी ‘आरएस’ नव्याने धावती करताना

शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ च्या अखेरीस स्कोडा ऑटोचा जुळणी प्रकल्प सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया ही मोटार तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ओळखीची झाली. त्याच ऑक्टाव्हियाचा वेगवान अवतार ‘आरएस’ या नावाने २००४ मध्ये भारतात आला. चार दारांची, पाठीमागे प्रशस्त डिकी असलेली ही गाडी दिसायला कुटुंबवत्सल. पण बॉनेटखाली १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती. त्या काळी भारतीय बाजारात टर्बो पेट्रोल मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी म्हणजेच स्पोर्ट्स कार, असा काटेकोर अर्थ धरला तर आरएस त्यात बसत नाही. सर्वसाधारण मराठी घराला परवडणारी आणि तरीही गाडी हाकण्याचा आनंद देणारी मोटार, असा अर्थ घेतला तर तिच्याइतकी चपखल गाडी दुसरी सापडणे कठीण.

पुढे २०११ मध्ये लॉरा आरएस आली, २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली, २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्या थेट आयात झाल्या आणि २०२५ च्या ऑक्टोबरात २६५ अश्वशक्तीच्या अवघ्या १०० गाड्यांसह हे नाव पुन्हा बाजारात अवतरले. या शेवटच्या गाडीची किंमत पन्नास लाखांच्या घरात आहे. साहजिकच हौशी तरुणांची नजर जुन्या गाड्यांकडे वळते. ज्या शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी करून देशाला चकित केले, त्या शहराला मोटारींचे वेड नवे नाही. परंतु वीस वर्षांची टर्बो गाडी घेणे आणि ती विश्वासाने चालेल अशी करणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पैसे लागतात. दुसरीला पैशांबरोबर क्रम लागतो. हा क्रम चुकला की निम्म्या किमतीत घेतलेली गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. हा क्रम समजून घेण्यासाठी येथे मुख्यतः पहिल्या पिढीची आरएस डोळ्यांसमोर ठेवली आहे. नंतरच्या गाड्यांचा विचार ओघात येईल.

कागद आधी, पाना नंतर

यंत्राला हात लावण्यापूर्वी गाडी कायद्याने आपली झाली आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्री १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायची असते. त्यासाठी नमुना क्रमांक २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, येथील कर आणि ‘एमएच २०’ मालिकेतील नवी नोंदणी हा व्याप वाढतो. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडील गाड्या स्वस्तात मिळाल्याचे अनेकदा सांगितले जाते. त्या स्वस्ताईतून हा सारा खर्च वजा करून मगच आनंद मानावा.

२००४ ते २०१० या काळातील कोणत्याही गाडीच्या पहिल्या नोंदणीची पंधरा वर्षे उलटून गेली आहेत. म्हणजे नमुना २५ भरून, गाडी तपासणीला नेऊन नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे की नाही, हे आरसी पुस्तकावरून तपासावे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर गेले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. विम्याचे हस्तांतरण १४ दिवसांत करून घ्यायचे असते. ही गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते आणि अपघात झाल्यावरच तिची आठवण होते. उच्च सुरक्षा क्रमांकपाटी जुन्या गाड्यांनाही सक्तीची झाली असल्याने तीही बसवलेली असावी. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदाशी स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावेत. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

पहिला आठवडा: काहीही न बदलता

नवी मालकी मिळताच बहुतेकांना सायलेन्सर, अलॉय चाके आणि एअर फिल्टर बदलण्याची घाई होते. ही घाई सर्वांत महागात पडणारी. गाडीची आजची अवस्था नोंदवल्याखेरीज केलेला प्रत्येक बदल पुढच्या दोषाचे मूळ झाकून टाकतो.

सुरुवात थंड इंजिनापासून करावी. विक्रेत्याने गाडी ‘आधीच गरम करून’ ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. थंड इंजिन चालू होताच वरच्या बाजूने खडखडाट येऊन दोन-तीन सेकंदांत थांबला तर तेल वर पोहोचायला वेळ लागतो आहे, असे समजावे. तो आवाज थांबतच नसेल तर दोन कॅमशाफ्टना जोडणाऱ्या छोट्या साखळीचा ताणक संशयाच्या फेऱ्यात येतो. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे; इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे. काळी काजळी इंधन जादा जात असल्याचे सांगते. अ‍ॅक्सिलरेटर सोडून घाट उतरल्यावर पुन्हा दाबताच निळा धूर दिसत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलपासून शोध सुरू करावा.

त्यानंतर स्कॅनर. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर शहरातील जाणत्या गॅरेजमध्ये असतो. नुसते ‘फॉल्ट कोड’ वाचून ते पुसून टाकणे हा उपाय नव्हे. ते लिहून ठेवावेत, पुसावेत, पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवावी आणि कोणते परत येतात ते पाहावे. पहिल्या पिढीच्या आरएसवर गट क्रमांक ०३२ मध्ये इंधनमिश्रणाची दुरुस्ती दिसते. संगणक किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो आहे, याचा हा हिशेब आहे. दोन्ही आकडे शून्याच्या जवळ असतील तर उत्तम. दहा टक्क्यांच्या पलीकडे गेले तर कुठेतरी हवा चोरीने आत शिरते आहे, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर खोटे सांगतो आहे. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर हाच सेन्सर दर सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा मोजत असेल तर दीडशे घोडे अजून तबेल्यात आहेत, असा या इंजिनाच्या जाणकारांचा ठोकताळा आहे. आकडा ऐंशीच्या आसपास घुटमळत असेल तर सेन्सर मळलेला किंवा थकलेला असतो.

तिसरी चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी दमदार. या अटी पाळल्या तरच आकडे खरे येतात. चांगल्या इंजिनात ते दहा बारच्या आसपास किंवा वर असतात. सात बारच्या खाली उतरलेले सिलिंडर थकलेले समजतात. एकूण आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांमधील सारखेपणा महत्त्वाचा. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये तीन बारहून अधिक फरक असेल तर पुढचा कोणताही खर्च करण्यापूर्वी थांबावे. अशा गाडीचे इंजिन उघडून बांधण्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

पट्टा: ज्यावर सर्व अवलंबून

या १,७८१ घनसेंमीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. त्यांची उघडझाप पिस्टनच्या गतीशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट हा दातेरी रबरी पट्टा आहे. इंजिनाची रचना अशी की पट्टा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. गाडी रस्त्यात बंद पडण्यापुरते हे नुकसान नसते. हेड उतरवावे लागते, व्हॉल्व्ह बदलावे लागतात, कधी पिस्टनही.

पट्टा शेवटचा केव्हा बदलला, याचा लेखी पुरावा नसेल तर तो कधीच बदलला नाही असे धरून चालणे, हाच एकमेव सुरक्षित मार्ग. ‘गाडी फक्त साठ हजार चालली आहे’ हे समर्थन येथे टिकत नाही. रबर किलोमीटरने जितके झिजते तितकेच वयाने आणि उष्णतेने कडक होते, आणि मराठवाड्यातील मे महिन्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पनाच करावी. शिवाय वीस वर्षांच्या गाडीच्या ओडोमीटरवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कातडी आणि झिजलेले पेडल यांच्याकडून त्याचे अधिक प्रामाणिक उत्तर मिळते.

पट्टा एकटा बदलू नये. त्याचा ताणक, हायड्रॉलिक दट्ट्या, मार्गदर्शक पुली आणि पाण्याचा पंप हे सारे एकाच वेळी नवे बसवावेत. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो. तो जाम झाला तर नवा पट्टाही सोबत घेऊन जातो. आरंभीच्या पंपांचे पाते प्लास्टिकचे असे. कालांतराने ते तडकते किंवा दांड्यावरच सैल फिरू लागते. मग पंप फिरतो, पण पाणी फिरत नाही. धातूच्या पात्याचा पंप मिळत असेल तर तोच घ्यावा. थर्मोस्टॅट बसवण्याची वेळही हीच, कारण कूलंट काढलेलेच असते. हे काम ज्याने हे इंजिन पूर्वी उघडले आहे अशाच मिस्त्रीकडे द्यावे. पट्टा एक दात पुढे-मागे बसला तरी गाडी चालू होते आणि मग महिनोन्‌महिने ‘पिकअप का नाही’ याचा शोध चालू राहतो.

तेल आणि टर्बो

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या थराची गुणवत्ता हेच टर्बोचे आयुष्य. पूर्वीच्या मालकाने नेहमीच्या गाडीत घालतात तेच साधे खनिज तेल घातले असेल, वर ते वेळेवर बदललेही नसेल, तर इंजिनाच्या तळाशी काळा, गोठलेला गाळ जमतो. या १.८ टर्बो कुटुंबाचे हे जगभर ज्ञात असलेले दुखणे आहे. गाळ तेल शोषणाऱ्या नळीच्या जाळीत अडकतो, तेलाचा दाब घसरतो, लाल दिवा लुकलुकतो. पुष्कळ गॅरेजांत अशा वेळी दाबाचा सेन्सर बदलून दिवा विझवला जातो. दिवा विझतो, दुखणे राहते.

तेलाचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहावे. कॅमशाफ्टभोवतीचा धातू मधासारखा तपकिरी असेल तर ठीक. डांबरासारखा थर असेल तर तेलाची टाकी उतरवून जाळी साफ करणे किंवा बदलणे भाग आहे. ‘फ्लशिंग ऑइल’ घालून इंजिन धुण्याचा सोपा मार्ग अशा इंजिनात धोक्याचा, कारण सुटलेला गाळ थेट त्याच जाळीवर जाऊन बसतो. त्याऐवजी फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचे पूर्ण सिंथेटिक तेल घालून पहिले एक-दोन बदल दोन-तीन हजार किलोमीटरच्या अंतराने करावेत, नंतर ते अंतर वाढवावे. डब्यावर ब्रँडचे नाव मोठे असते, मानक लहान अक्षरांत. वाचायचे ते लहान अक्षर.

टर्बोची अवस्था पाहण्यासाठी हवेची नळी सोडवून दांड्याला बोटाने हलवून पाहतात. बाजूला अगदी किंचित हालचाल स्वाभाविक आहे. पाते भिंतीला घासत असेल किंवा दांडा पुढे-मागे सरकत असेल तर टर्बोचे दिवस भरले. मात्र ‘दम नाही’ अशी तक्रार असलेल्या बहुतेक आरएस गाड्यांमध्ये टर्बो निर्दोष असतो आणि गुन्हेगार निघतो तो रबराचा तुकडा. वीस वर्षांत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बिस्किटासारख्या मोडतात, श्वसननळ्या मऊ पडून चिरतात, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर दाब परत वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटतो. स्कॅनरवर १७७०५, म्हणजेच पी१२९७ हा कोड येतो, तो टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये दाब कुठेतरी निसटत असल्याचा. अशा वेळी हवेच्या मार्गात धूर सोडून गळती शोधण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक. धूर जिथून बाहेर पडेल तिथली नळी बदलायची. टर्बो बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी ही चाचणी केली का, हे विचारायला संकोच करू नये.

इग्निशन कॉइल प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र आहेत आणि त्या बिघडण्याबद्दल कुप्रसिद्धही. गाडी जोर लावताना अडखळली, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकला, तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढते. संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून पाहावी. दोष तिच्यासोबत सरकला तर निदान झाले. एक सुटी कॉइल आणि दहाचा पाना डिकीत ठेवणारे मालक शहाणे.

पाणी मराठवाड्याचे

शीतकरण हा या भागातील गाडीचा खरा कसोटीचा विषय. शहर आणि परिसरातील विंधन विहिरींचे पाणी जड असते. आधीच्या कोणी रेडिएटरमध्ये हेच पाणी वर्षानुवर्षे ओतले असेल तर क्षारांचा थर नळ्यांच्या आत, हीटरच्या जाळीत आणि इंजिनाच्या पाणीवाटांत बसलेला असतो. त्यातच कंपनीचे गुलाबी कूलंट आणि बाजारातील हिरवे कूलंट एकत्र मिसळले असेल तर तपकिरी राळ तयार होते. टाकीच्या झाकणाखाली अशी राळ दिसली तर संपूर्ण यंत्रणा शुद्ध पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुवावी आणि योग्य प्रतीचे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये समप्रमाणात मिसळून भरावे. येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. कूलंट गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. मे महिन्यात दुपारी वर्दळीत अडकलेल्या टर्बो गाडीला हेच दोन गुण हवे असतात.

रेडिएटरचे दोन्ही पंखे, मंद आणि जलद अशा दोन्ही गतींवर फिरतात का, हे वातानुकूलन चालू करून पाहावे. काटा नव्वदवर स्थिर असेल तर समाधान मानावे. तो खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा तापमानाचा सेन्सर गेला आहे. सेन्सर चुकला की संगणकाला इंजिन कायम थंड वाटते, तो पेट्रोल जास्त पाजतो आणि अ‍ॅव्हरेज घसरते. स्वस्त सुटा भाग, मोठा परिणाम.

इंधनाचा नवा प्रश्न

वीस वर्षांपूर्वी ही गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरले नव्हते असा एक बदल आज प्रत्येक पंपावर झाला आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, म्हणजे ई२०, पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण विरळ होते. त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज उतरते. शून्य इथेनॉलसाठी आरेखित आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत हा तोटा ६ ते ७ टक्क्यांचा असेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले होते. जुन्या आरएसच्या संदर्भात त्याहून महत्त्वाचे आहेत ते इंधनमार्गातील रबर आणि सील. इथेनॉल त्यांना फुगवते किंवा ठिसूळ करते. शिवाय ते हवेतील ओल शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साठू शकते.

यावर व्यवहार्य उपाय तीन. इंधनाच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीच्या बसवणे. इंधनाचा फिल्टर लगेच आणि पुढेही लवकर बदलणे. गाडी पंधरवड्याहून अधिक काळ उभी राहणार असेल तर अधूनमधून इंजिन नुसते सुरू करण्यापेक्षा ती वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणणे. दाबाखालील टर्बो इंजिनात ऑक्टेन कमी पडले की इंधन अवेळी पेटते. संगणक ठिणगी मागे घेऊन इंजिन वाचवतो, पण ताकद जाते. ९५ किंवा त्यावरील ऑक्टेनचे पेट्रोल घालणे या गाडीसाठी चैन ठरत नाही. आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी हलवू नये. गरम टर्बोजवळची ओली नळी ही सगळ्या दोषांतील सर्वांत जिवावरची.

थांबण्याची तयारी

गाडी धावू लागली की ती थांबवायचीही असते. ब्रेक ऑइल ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते, प्रत्यक्षात ते दहा-दहा वर्षे तसेच राहते. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटात तापलेले जुने ब्रेक ऑइल उकळले तर पेडल पायाखालून जमिनीला टेकते. डॉट ४ प्रतीचे नवे तेल आणि चारही कॅलिपरमधून हवा काढणे, हे काम गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात व्हावे. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजावी. कॅलिपरच्या सरकत्या खिळ्या अडकल्या असतील तर एकाच बाजूचे पॅड झिजलेले आढळतात.

टायरच्या बाबतीत नक्षीची खोली पाहून समाधान मानणारे अनेक. टायरच्या कडेवरील ‘डॉट’ खुणेच्या शेवटचे चार अंक त्याची जन्मतारीख सांगतात: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसतात आणि आतून कडक झालेले असतात. सहा वर्षांवरील टायर संशयाने पाहावा; दहा वर्षांचा विनाचर्चा काढावा. त्याच कडेवरचे इंग्रजी अक्षर वेगमर्यादा दर्शवते, ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, मग इतक्या वरच्या अक्षराची गरज काय, असे वाटू शकते. गरज वेगाची नाही, उष्णतेची आहे. तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने धावणाऱ्या टायरमध्ये उष्णता साचते आणि कमी हवा असलेला, म्हातारा टायर तिथेच फुटतो. हवा सकाळी, थंड टायरमध्ये, दारावरील तक्त्याप्रमाणे भरावी. चाकांची रुंदी वाढवून घेतलेली गाडी असेल तर मूळ मापाकडे परतणे बहुधा शहाणपणाचे.

पुढच्या खालच्या आर्मचे बुश आणि शॉकअप यांवर आपल्या रस्त्यांनी दोन दशके काम केलेले असते. गतिरोधकावरून जाताना ठक्‌ असा आवाज, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणे, आतल्या कडेने झिजलेले टायर, ही त्याची लक्षणे. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. व्हील अलाइनमेंट हे सर्व झाल्यावर शेवटी. आधी केल्यास पैसे दोनदा जातात.

नंतरच्या पिढ्या

लॉरा आरएस घेणाऱ्याची काळजी वेगळी. तिच्या १.८ टीएसआय इंजिनात (१६० अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर) पट्ट्याऐवजी साखळी आहे. साखळी आयुष्यभर टिकते ही समजूत तिच्या ताणकाने खोटी ठरवली. सुरुवातीच्या ताणकाची पकड सुटली की साखळी दात सोडते. थंड इंजिनाचा खळखळ आवाज ऐकू येताच गाडी उभी करावी. या इंजिनाच्या त्या काळच्या आवृत्तीला तेल पिण्याचीही सवय आहे, म्हणून डिपस्टिक दर आठवड्याला पाहावी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर काजळी साचते. ती हाताने किंवा अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याचा मारा करून काढावी लागते, पेट्रोलमध्ये घालायच्या औषधाचा तिथे उपयोग नाही.

२०१७ च्या २३० अश्वशक्तीच्या गाडीत सहा गतींचा ओल्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. सर्व्हिस पुस्तिकेत ही नोंद सापडली नाही तर गाडीची किंमत ठरवताना ती रक्कम वजा करावी. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घरातून होणारी कूलंटची गळती हा या इंजिनाचा परिचित दोष. एरवी ही गाडी निर्धास्त चालते. तिचे शत्रू बहुधा संगणकातच असतात.

कारण या गाड्यांपैकी पुष्कळ ‘रीमॅप’ झालेल्या असतात. संगणकातील नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढवला की ताकद चटकन वाढते. पण क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुनेच राहतात. विक्रेता हे अभिमानाने सांगतो किंवा अजिबात सांगत नाही. कंपनीच्या मूळ तपशिलापासून वाहनात फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ती ठामपणे उचलून धरली. कलम १८२-अ नुसार अशा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. म्हणून मूळ नकाशा परत घालून, मूळ सायलेन्सर बसवून गाडी आधी तिच्या कागदावरील रूपात आणणे इष्ट.

धाव

कामे झाल्यावर लगेच मुंबई गाठण्याचा मोह टाळावा. पहिले दोनशे किलोमीटर शहराभोवतीच करावेत: जालना रस्ता, दौलताबादचा चढ, खुलताबादपर्यंतची फेरी. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर गुलाबी डाग दिसला तर कूलंट, काळा किंवा तपकिरी दिसला तर इंजिन अथवा गिअरबॉक्सचे तेल, चाकाजवळ फिकट पिवळसर दिसला तर ब्रेक ऑइल. रोज सकाळी तेल आणि कूलंटची पातळी एका वहीत लिहावी. पाचशे किलोमीटरनंतर चाकांचे आणि निलंबनाचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, स्कॅनर पुन्हा लावावा आणि गट ०३२ चे आकडे पहिल्या नोंदींशी ताडून पाहावेत. ते शून्याकडे सरकलेले दिसले, तेलाची पातळी हलली नाही, पुठ्ठा कोरडा राहिला, की मग सावंगीच्या मार्गिकेवरून समृद्धीवर चढायला हरकत नाही. लांबच्या धावेनंतर पेट्रोल पंपावर गाडी वळवल्याबरोबर चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे. टर्बोतील तापलेले तेल तेवढ्या वेळात खाली उतरते.